वाढ कुठवर पोचली ते सालगड्याच्या सालावरून कळतं

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "विकसनशील देशाची अर्थव्यवस्था वाढली की गरिबी कमी होते, असं एका प्रकरणात वाचलं. वाढीबरोबर विषमता वाढते, असं पुढच्याच प्रकरणात आलं. दोन्ही खरं असेल तर गरीब देशाने आधी काय करावं, उत्पन्न वाढवावं की वाटप सुधारावं?"

दोन्ही प्रकरणं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. वाढीशिवाय गरिबी मोठ्या प्रमाणावर हटवलेला एकही मोठा देश मला दाखवता येणार नाही. वर्षानुवर्षं चांगली वाढ होऊनही खेड्यातली गरिबी फारशी न हललेले देश मात्र दाखवता येतील. हा फरक दोन गोष्टींमुळे पडतो. एक, वाढ कोणाच्या हातांना काम मागते. दोन, ती सुरू झाली तेव्हा जमीन, शाळा आणि दवाखाना कोणाच्या आवाक्यात होते.

मी जवळपास तीस वर्षं घरोघर जाऊन कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्या केल्या, पुढे करवून घेतल्या. बहुतेक मराठवाड्यात आणि विदर्भात. गावात पोचल्यावर प्रश्नावली उघडण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. यंदा पाडव्याला सालगड्याचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल कितीला ठरलं? आणि खुरपणीला बाईला रोज किती मिळतो? ही दोन उत्तरं मिळाली की त्या गावात देशाची वाढ पोचली की नाही, याचा अंदाज येतो. कारण ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, नोकरी नाही, त्याच्याकडे विकायला फक्त अंगमेहनत असते. त्या मेहनतीचा भाव महागाईपेक्षा जास्त वाढला तर वाढ त्याच्या घरात आली. भाव तिथेच राहिला तर विकासदर सात टक्के असो की नऊ, त्याच्या चुलीपाशी काही बदलत नाही.

आधी थोडं गणित, कारण पुस्तकांत ते अवघड चिन्हांमागे दडलेलं असतं. समजा, गरिबीची रेषा कुटुंबाला महिना १०,००० रुपये धरली. एका गावात गरीब कुटुंबांचं उत्पन्न ९,००० ते ९,८०० आहे. दुसऱ्या गावात ते ४,००० ते ५,००० आहे, पण तिथे दोन-तीन बडे बागायतदार असल्यामुळे गावाची सरासरी पहिल्या गावाइतकीच आहे. आता दोन्ही गावांत सगळ्यांचं उत्पन्न सारखंच, १५ टक्क्यांनी वाढलं. पहिल्या गावात ९,००० वाला १०,३५० वर गेला, म्हणजे सगळी गरीब कुटुंबं रेषेपार झाली. दुसऱ्या गावात ५,००० वाला ५,७५० वर आला आणि एकही कुटुंब पार झालं नाही. दोन्हीकडे वाढ सारखी, विषमता दोन्हीकडे होती तेवढीच राहिली, तरी निकाल दोन टोकांचे. म्हणून आरंभीची विषमता जितकी मोठी तितकी वाढीची गरिबी हटवण्याची ताकद कमी. "विषमता नंतर बघू" म्हणणारे नेमकं हे विसरतात.

आता खरे देश घेऊ. सुरुवात चीनपासून, कारण तो दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात.

१९७८ च्या डिसेंबरात आन्ह्वेइ प्रांतातल्या श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी एका कागदावर गुपचूप अंगठे उठवले. सामुदायिक शेताचे तुकडे आपसांत वाटून घ्यायचे, सरकारचा ठरलेला हिस्सा द्यायचा, उरलेलं धान्य ज्याचं त्याने ठेवायचं. पकडलं गेलं तर तुरुंग होता. त्याच गावाने १९५९ ते १९६१ चा भीषण दुष्काळ पाहिला होता, म्हणून जोखीम घेतली. पुढच्या काही वर्षांत ही पद्धत देशभर पसरली, शिवाय सरकारने धान्य खरेदीचे भाव वाढवले. १९७८ साली सुमारे ३० कोटी टन असलेलं धान्योत्पादन १९८४ साली ४० कोटी टनांवर गेलं.

विद्यार्थ्यांना मी नेहमी इथे थांबवते. चीन म्हटलं की डोळ्यांसमोर शांघायचे मनोरे आणि शेन्झेनचे कारखाने येतात. पण मार्टिन राव्हॅलियन आणि शाओहुआ चेन या जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी १९८० ते २००१ या काळाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात गरिबी सर्वांत वेगाने घटली ती १९८० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्या भागात, म्हणजे कारखान्यांच्या लाटेआधी, शेतीच्या जोरावर. शेतीतल्या एक टक्का वाढीने गरिबी जितकी हटली, ती उद्योग किंवा सेवांतल्या एक टक्क्याच्या सुमारे चौपट होती. याचं कारण सरळ आहे. सामुदायिक शेतं मोडली तेव्हा जमिनीची वाटणी घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे झाली, त्यामुळे जवळपास प्रत्येक ग्रामीण कुटुंबाच्या हातात एक तुकडा होता. शेतीमालाचा भाव वाढला की प्रत्येक घरात पैसा यायचा. शिवाय शाळा आणि प्राथमिक आरोग्यसेवा खेड्यांपर्यंत आधीच गेलेल्या होत्या. आपल्याकडे शेतीमालाचा भाव वाढतो तेव्हा भूमिहीन मजुराला आधी धान्य महाग पडतं, मजुरी वाढायला वेळ लागतो. म्हणून भाव वाढवण्याचा तोच उपाय दोन देशांत दोन परिणाम देतो.

नंतर चीनची वाढ किनाऱ्याकडे आणि शहरांकडे सरकली, आणि विषमता चढत गेली. विषमता मोजण्याचा जो गिनी गुणांक आहे (० म्हणजे सगळे समान, १ म्हणजे सगळं एकाकडे) तो १९८० च्या सुमारास ०.३० च्या आसपास होता. चीनच्या सांख्यिकी खात्याच्या आकडेवारीनुसार २००८ साली तो ०.४९ वर पोचला. त्यामागे बाजारासोबत एक सरकारी नियमही होता. हुकोउ नावाच्या नोंदणीमुळे खेड्यातून शहरात गेलेल्या मजुराला तिथे काम मिळायचं, पण मुलाला सरकारी शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन हे सगळं गावाच्या नोंदीला बांधलेलं राहायचं. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, हे मानवी इतिहासातलं मोठं काम आहे आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण "विषमता वाढली म्हणूनच गरिबी हटली" असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट, ज्या वर्षांत वाढ सर्वांत समान होती त्याच वर्षांत गरिबी सर्वांत झपाट्याने हटली.

ब्राझीलची गोष्ट मला याहून जास्त शिकवून गेली.

१९६८ ते १९७३ या सहा वर्षांत ब्राझीलची अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी दहा-अकरा टक्क्यांनी वाढली. जग त्याला ब्राझीलचा चमत्कार म्हणत होतं. लष्करी राजवट होती. १९६४ च्या सत्तापालटानंतर कामगार संघटना दाबून टाकलेल्या होत्या आणि महागाईच्या मानाने किमान वेतन घसरू दिलं होतं. १९६० आणि १९७० च्या जनगणनांमधले उत्पन्नाचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा गिनी ०.५० वरून ०.५७ च्या आसपास गेल्याचं दिसलं. त्यावरून मोठा वाद पेटला. अल्बर्ट फिशलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७२ साली मांडलं की वेतन दाबण्याचं धोरण याला जबाबदार आहे. कार्लुस लांगोनी या ब्राझिलियन अर्थतज्ज्ञाने उत्तर दिलं की कारखान्यांना शिकलेली माणसं हवी होती, तशी माणसं देशात थोडी होती, म्हणून त्यांचे पगार उंच गेले.

इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना मला वाटतं, दोघांच्याही हाताला खरं लागलं होतं. शाळा थोड्या होत्या म्हणून शिकलेल्यांना मक्ता मिळाला, आणि संघटना बंद होत्या म्हणून न शिकलेल्यांना बोलता आलं नाही. "आधी केक मोठा होऊ द्या, मग वाटू" हा त्या काळच्या अर्थमंत्र्यांच्या नावावर चिकटलेला युक्तिवाद. पुढे केक मोठा झाला, पण वाटपाची वेळ काही आली नाही. १९८० च्या दशकात कर्जाचं संकट आणि भयंकर महागाई आली. महागाईत श्रीमंतांचा पैसा बँकेत व्याजावर सुरक्षित होता, गरिबाचा खिशात वितळत होता. १९८९ साली गिनी ०.६३ वर गेला. जगातल्या सर्वांत विषम देशांत ब्राझीलची गणना होत होती.

मग उलट प्रवास सुरू झाला, आणि तो कसा झाला ते नीट बघा. १९९४ च्या रेआल योजनेने महागाई आटोक्यात आणली. गरिबाच्या दृष्टीने हे पहिलं मोठं काम. १९९० च्या दशकात प्राथमिक शाळा जवळजवळ प्रत्येक मुलापर्यंत नेल्या. पुढच्या दशकात ती मुलं कामाला लागली तेव्हा शिकलेल्यांची टंचाई कमी झाली आणि पगारांतलं अंतर आपोआप आकसलं. किमान वेतन महागाईच्या वर वाढवत नेलं, आणि तिथलं वृद्धांचं निवृत्तिवेतन किमान वेतनाला जोडलेलं असल्यामुळे तेही वाढलं. ऑक्टोबर २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारने आधीच्या चार-पाच छोट्या योजना एकत्र करून बोल्सा फामिलिया ही गरीब कुटुंबांना रोख मदतीची योजना सुरू केली. पैसा शक्यतो आईच्या नावच्या कार्डावर. अट एवढीच की मुलं शाळेत जावीत, लसीकरण व्हावं. योजना पसरली तेव्हा सुमारे १ कोटी ४० लाख कुटुंबं, म्हणजे लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा तिच्यात होता, आणि खर्च होता राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

या काळात ब्राझीलची वाढ चमत्काराच्या दिवसांच्या निम्मीही नव्हती. तरी गिनी ०.५९ च्या आसपासवरून २०१५ पर्यंत ०.५२ वर उतरला आणि गरिबी झपाट्याने घटली. लोक सगळं श्रेय बोल्सा फामिलियाला देतात, ते मला पटत नाही. विषमतेतल्या घटीचा अर्ध्याहून अधिक भाग मजुरी-पगारांमुळे आला होता. रोख मदतीने सर्वांत खालच्या घरांना हात दिला, पण शिडी झाली ती शाळा आणि वेतन यांची. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून अधिक आकसली, तेव्हा गरिबी पुन्हा वर आली. म्हणजे वाटप सुधारूनही वाढ लागतेच, हेही त्याच देशाने दाखवलं.

वाढ होऊन गरिबी न हलण्याचं उदाहरण हवं असेल तर झांबिया बघा. २००० नंतरची जवळपास पंधरा वर्षं तो देश सरासरी सहा टक्क्यांहून जास्त वेगाने वाढला. तांब्याला भाव होता, राजधानी लुसाकात इमारती उठत होत्या. २०१५ च्या पाहणीत देशातले ५४.४ टक्के लोक गरीब निघाले; शहरात २३.४ टक्के आणि खेड्यात ७६.६ टक्के. तांब्याच्या आधुनिक खाणीला यंत्रं लागतात, माणसं थोडी लागतात. मका पिकवणाऱ्या लाखो छोट्या शेतकऱ्यांचा त्या तांब्याशी संबंधच आला नाही. याउलट व्हिएतनामने १९८६ च्या 'दोइ मोइ' सुधारणांनंतर जमिनीचे दीर्घ मुदतीचे हक्क कुटुंबांना दिले, भाताच्या शेतीला मोकळीक दिली, मग कपडे-बुटांचे कारखाने आणले. तिथली गरिबी १९९३ साली ५८ टक्के होती, २००४ साली २० टक्क्यांच्या खाली आली, आणि गिनी फारसा हलला नाही.

अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांच्या वक्ररेषेचं काय, असं तुम्ही विचाराल. वाढीबरोबर विषमता आधी चढते, मग उतरते, हे त्यांनी १९५५ साली छापलेल्या भाषणात मांडलं. त्यांच्यापुढे मुख्यतः अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीचे आकडे होते, आणि आपल्या लेखात पाच टक्के पुरावा आणि पंचाण्णव टक्के तर्क आहे, असं त्यांनी स्वतः त्यात लिहून ठेवलं. पुढच्या पिढ्यांनी तर्काला नियम करून टाकलं. तैवान आणि दक्षिण कोरिया विषमता फार न वाढवता वाढले, कारण कारखाने येण्याआधी तिथे जमिनीचं फेरवाटप झालं होतं. कोरियात १९५० च्या सुमारास, तैवानमध्ये १९५३ साली 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाने. आपल्याकडेही पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कूळ मालक होण्याचा दिवस ज्या गावांत खरोखर अमलात आला, तिथल्या कुळांची नातवंडं आज कुठे आहेत आणि जिथे कुळांना आधीच हुसकावलं होतं तिथली कुठे आहेत, याचा फरक पाहणीत मला अनेकदा जाणवला आहे.

आता आपला देश. गरिबी कशी मोजावी हे ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलं तर १९९३-९४ साली देशात ४५.३ टक्के लोक गरीब होते, २००४-०५ साली ३७.२ टक्के, २०११-१२ साली २१.९ टक्के. म्हणजे पहिल्या टप्प्यात गरिबी वर्षाला पाऊण टक्क्यानेही घटत नव्हती. दुसऱ्या टप्प्यात वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त घटली. महाराष्ट्रात २००४-०५ साली ३८.१ टक्के लोक गरीब होते, ते २०११-१२ साली १७.४ टक्क्यांवर आले. दुसऱ्या टप्प्यात वाढीचा वेग जास्त होता हे खरं, पण वेगाच्या फरकाने एवढा फरक पडत नाही. बदलली होती ती वाढीची जात.

ती वर्षं मी गावांत काढली आहेत. रस्ते, पूल, घरं यांची बांधकामं सगळीकडे निघाली होती, आणि बांधकामाला नेमके तेच हात लागतात जे शेतात असतात. रोजगार हमी देशभर गेली होती. बीडचे ऊसतोड मजूर मुकादमाशी उचल ठरवताना पहिल्यांदा चढा आकडा बोलू लागले, कारण न जाण्याचा पर्याय हाताशी होता. पाडव्याला सालगडी मालकाच्या ओसरीवर येऊन बसायचा, ते चित्र उलटलं. मालक सालगडी शोधत वस्तीवर जाऊ लागला. शेतीत काम करणाऱ्यांची संख्या त्या सात वर्षांत देशभर प्रत्यक्षात घटली, आणि उरलेल्यांची मजुरी महागाईच्या वर चढली. गावच्या मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार असायची की माणसं मिळत नाहीत. मला ती तक्रार ऐकून बरं वाटायचं, कारण गरिबी हटण्याचा त्याहून भरवशाचा पुरावा नाही. मात्र कोरडवाहू पाच एकरवाल्याची अडचण खरी होती, त्याला मजुरी परवडत नव्हती आणि पिकाला भाव नव्हता, हेही लिहून ठेवायला हवं.

मजुरी ही एक वाट झाली. वाढीतून गरिबाकडे जाणारी दुसरी वाट सरकारी करांमधून जाते, आणि तिचं उत्तम उदाहरण महाराष्ट्राने घालून दिलं. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दाखवलं होतं की १९६० च्या दशकात जी थोडी वाढ झाली तिचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला, आणि ज्यांच्याकडे काहीच साधन नाही त्यांना काम देणं हाच मार्ग आहे. त्याआधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कामांना पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. आजही पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तो हा कर. मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत झालेली वाढ अशी मराठवाड्याच्या नालाबंडिंगवर मजुरी होऊन उतरली. मुंबई नसती तर ती हमी देणं राज्याला झेपलं नसतं. आणि कायद्यातला हक्क नसता तर मुंबईचा पैसा उस्मानाबादच्या मजुरापर्यंत गेला नसता.

विषमतेचे आकडे वाचताना एक सावधगिरी ठेवा. आपल्याकडे दीर्घकाळ मोजला गेला तो खर्च. उत्पन्न नाही आणि संपत्तीही नाही. खर्चावरून काढलेला भारताचा गिनी कमी दिसतो, त्यावरून भारत जगातल्या समान देशांत बसतो, असं कोणी लिहिलं तर लगेच मान डोलवू नका. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा थोडाच भाग खर्च करतो, बाकी जमीन, सोनं, शेअर यांत जातो. शिवाय पाहणी करणारी माणसं त्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मेळघाटातल्या घरात मला पहिल्या दिवशी चहा मिळाला आहे. मोठ्या शहरातल्या उंच इमारतींच्या फाटकांवरून मात्र माझी माणसं ओळखपत्र दाखवूनही किती वेळा परत आली, त्याची गणती नाही. आयकराच्या नोंदी आणि पाहण्या एकत्र करून जागतिक विषमता प्रयोगशाळा (वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब) या संशोधन संस्थेने जे अंदाज बांधले, त्यांत २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. या पद्धतीवरही वाद आहेत. तरी खर्चाच्या पाहणीतून न दिसणारं टोक त्यांतून काही प्रमाणात दिसतं.

आणखी एक गोष्ट गिनीत पकडली जात नाही. सगळ्यांचं उत्पन्न पाच टक्क्यांनी वाढलं तर ८,००० वाला ८,४०० वर जातो, दोन लाखवाला दोन लाख दहा हजारांवर. गिनी तसाच राहतो, अंतर मात्र ९,६०० रुपयांनी वाढतं. तालुक्याच्या गावी प्लॉटचा भाव, खासगी शाळेची फी, डॉक्टरची तपासणी फी हे सगळं त्या दोन लाखवाल्याच्या ऐपतीने ठरायला लागतं. तेव्हा ८,४०० वाल्याला आपण पुढे गेलो असं वाटत नाही, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं.

दवाखान्याचं तर स्वतंत्रच सांगायला हवं. रेषेवर आलेली कुटुंबं पुन्हा खाली का जातात, याचं माझ्या पाहण्यांत सर्वाधिक वेळा मिळालेलं उत्तर आजारपण हेच आहे. एक अपेंडिक्स, एक बाळंतपणातली गुंतागुंत, आणि दहा वर्षांत जमलेल्या दोन शेळ्या, म्हैस, कधी अर्धा एकर निघून जातो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला अशी सरकारी नोंद आहे. ही घट चांगली आहे. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये तेव्हाही घरातूनच जात होते, आणि ते गरिबाला व्याजाने काढावे लागतात.

तेव्हा आधी वाढ की आधी वाटप? असा क्रम लावायचाच असेल तर माझा क्रम असा. जमीन, शाळा, पाणी, प्राथमिक आरोग्य आणि मुलींचं शिक्षण यांचं वाटप आधी, किंवा निदान वाढीच्या बरोबरीने, कारण ते नंतर करता येत नाही. ज्या मुलाची शाळा चुकली त्याला वीस वर्षांनी करातून मदत देता येते, पण शाळा देता येत नाही. पैशाचं वाटप मात्र वाढीच्या मागोमाग जमतं. कर जमल्याशिवाय ते होणारच नाही. आणि वाढीची दिशा निवडताना पहिली पसंती जास्त हात लागणाऱ्या कामांना. बांगलादेशने कपड्यांच्या कारखान्यांतून सुमारे चाळीस लाख लोकांना काम दिलं, त्यांत बहुसंख्य बायका. तिथली गरिबी २००० साली ४८.९ टक्के होती, २०१६ साली २४.३ टक्के झाली. त्याच कारखान्यांत २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. काम मिळालं म्हणजे कामाच्या जागेची जबाबदारी संपली, असं मी कधीच म्हणणार नाही.

मला आज काळजी वाटते ती वेगळ्या आकड्याची. शेतीवर अवलंबून असलेल्या कामगारांचं प्रमाण आपल्या देशात अनेक दशकं घटत होतं. २०१८-१९ साली ते ४२.५ टक्के होतं. साथीच्या काळात लोक गावी परतले आणि ते वाढलं, हे समजू शकतं. पण साथ ओसरल्यावर, विकासदर पुन्हा चांगला झाल्यावरही, २०२३-२४ साली ते ४६.१ टक्के होतं. २०१३-१४ नंतर ग्रामीण मजुरीची वाढही मंदावली आहे. रस्त्यांवर, मोबाइलमध्ये, गॅस सिलिंडरमध्ये गावं बदललेली दिसतात, २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण दरडोई मासिक खर्चही ४,१२२ रुपये निघाला आणि त्यातली सुधारणा खरी आहे. तरीही वेगाने वाढणाऱ्या देशात माणसं शेतीकडे परत जातात तेव्हा वाढीला त्यांच्या हातांची गरज वाटलेली नाही, असाच त्याचा अर्थ मी लावते.

तुम्हाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर एक सुचवते. आपल्या तालुक्यातली पाच गावं घ्या. गेल्या पंधरा वर्षांचं सालगड्याचं साल आणि खुरपणीचा रोज लिहून काढा. साल नुसतं पैशात नसतं. ज्वारीची पोती, चपला, घोंगडी, सणाची सुट्टी हेही विचारा आणि त्याची किंमत धरा. शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक मिळतो, त्याने महागाई काढून टाका, आणि शेजारी जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न मांडा. दोन रेषा जिथे एकमेकींपासून दूर जायला लागतात ते वर्ष शोधा आणि त्या वर्षी गावात काय घडलं ते विचारत फिरा. जुनी सालं मालकाच्या वहीत बहुधा सापडणार नाहीत. सालगड्याच्या बायकोला विचारा. थोरलीचं लग्न झालं तेव्हा साल किती होतं, धाकटा शाळेत गेला तेव्हा किती, असं मुलांच्या वयाशी जोडून विचारलं की तिला आकडा आठवतो, आणि उचल किती फिटायची राहिली होती तेही.